कारणं सापडलेल्या रोगाचं काय करायचं?

कधी तंबाखूला हात न लावलेल्या, माळ घातलेल्या माणसाला कॅन्सर झाला की आपल्याकडं घरचे, शेजारचे, कधी कधी डॉक्टरसुद्धा म्हणतात, "नशीब, दुसरं काय!" काही कर्करोगांच्या बाबतीत या हतबलतेला थोडाफार आधार आहे, कारण त्यांची मुळं अजून नीट हाती लागलेली नाहीत. यकृताच्या कर्करोगाच्या बाबतीत तो आधार उरलेला नाही. गेल्या साठेक वर्षांत या रोगाची जवळजवळ सगळी मोठी कारणं शास्त्रज्ञांनी शोधून काढली आहेत. हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी हे दोन विषाणू, दारू, बुरशीतून धान्यात उतरणारं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष आणि मधुमेह-लठ्ठपणाबरोबर येणारं 'फॅटी लिव्हर' ही ती कारणं. पहिल्यावर लस आहे. दुसऱ्यावर बारा आठवड्यांत पूर्ण बरं करणाऱ्या गोळ्या आहेत. उरलेल्या तिन्हींवरचे उपाय शेतात, स्वयंपाकघरात आणि ग्रामसभेत करता येण्यासारखे आहेत.

तरीही २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ८ लाख ६६ हजार लोकांना यकृताचा कर्करोग झाला आणि सुमारे ७ लाख ५८ हजार लोक त्यानं गेले. हे दोन आकडे एकमेकांच्या इतके जवळ आहेत की रोग कळणं आणि माणूस जाणं यांत फारसं अंतर राहत नाही, हे त्यातून उघड दिसतं. कर्करोगानं होणाऱ्या मृत्यूंत यकृताचा क्रमांक जगात तिसरा आहे. ज्या रोगाची कारणं आपल्याला सर्वांत चांगली ठाऊक आहेत, तोच सर्वांत जास्त माणसं नेणाऱ्या कर्करोगांपैकी एक असावा, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. शास्त्र इथं अपुरं पडलेलं नाही. शास्त्रानं जे सांगितलं ते प्रसूतीच्या खोलीत, गावच्या दवाखान्यात, शेंगांच्या खळ्यावर आणि यात्रेच्या गर्दीत पोचलेलं नाही. यकृताच्या कर्करोगावरचा उपचार गाठ दिसण्याच्या वीस-तीस वर्षं आधी सुरू करावा लागतो आणि तो गावातच करावा लागतो, हे या लेखाचं म्हणणं आहे.

आधी हा रोग होतो कसा ते पाहू. यकृताला मोठी देणगी मिळालेली आहे. त्याचा बराचसा भाग कापून काढला तरी उरलेला भाग पुन्हा वाढतो. याच देणगीतून पुढं घात होतो. विषाणूमुळं किंवा दारूमुळं यकृताच्या पेशी वर्षानुवर्षं मरत राहतात आणि त्यांची जागा भरायला नव्या पेशी तयार होत राहतात. प्रत्येक वेळी पेशी दुभंगताना तिच्यातल्या जनुकांची नक्कल होते आणि लाखो नकलांमध्ये चुका साठत जातात. शिवाय जिथं इजा होते तिथं व्रणासारखे कठीण धागे तयार होतात. मऊ यकृत हळूहळू गाठाळ आणि आकसलेलं होतं. यालाच सिऱ्होसिस म्हणतात. यकृताचा कर्करोग बहुतेक वेळा अशाच यकृतात उगवतो. या सगळ्याला वीस, तीस, चाळीस वर्षं लागतात आणि त्या काळात माणूस शेतात राबत असतो, लग्न करतो, मुलं वाढवतो. पोट दुखत नाही, डोळे पिवळे होत नाहीत. पोटात पाणी भरतं, वजन घटतं, उजव्या बरगडीखाली दुखू लागतं, तेव्हा बहुतेकदा फार उशीर झालेला असतो.

आता ही गोष्ट जोतिबाच्या डोंगरावर नेऊन पाहू. पन्हाळा तालुक्यातलं वाडी रत्नागिरी हे गाव एरवी शांत असतं. चैत्र पौर्णिमेला मात्र तिथं लाखो माणसं येतात. कोल्हापूर-सांगली-साताऱ्यातून येतात, तशी बेळगाव-निपाणीकडून, मराठवाड्यातून आणि कोकणातूनही येतात. निनाम पाडळीच्या मानाच्या सासनकाठीपासून गावोगावच्या काठ्या नाचत मंदिरात जातात, दवणा वाहिला जातो, पालखीवर गुलाल-खोबऱ्याची उधळण होते आणि "जोतिबाच्या नावानं चांगभलं"च्या गजरात सगळा डोंगर गुलाबी होतो. या गर्दीची काळजी घ्यायला शासन, देवस्थान समिती आणि सेवाभावी मंडळी कितीतरी दिवस आधी कामाला लागतात. पाण्यात क्लोरीन टाकलं जातं, आरोग्य पथकं नेमली जातात, रुग्णवाहिका उभ्या राहतात, अन्नछत्रं चालतात. पटकी-गॅस्ट्रोची साथ यात्रेतून गावोगाव जाऊ नये म्हणून हे सगळं होतं आणि त्याचा फायदाही झालेला आहे. पूर्वी यात्रा म्हटलं की साथीची धास्ती असायची, आज ती तशी उरलेली नाही.

म्हणजे यात्रेत सार्वजनिक आरोग्याचं काम करता येतं, लोक ते स्वीकारतात आणि देवाच्या दारी डॉक्टर बसल्यानं श्रद्धेला धक्का लागत नाही, हे आपण सिद्ध केलेलं आहे. मात्र हे सगळं काम पाण्यातून पसरणाऱ्या रोगांसाठी आहे. यकृताला पुढं कर्करोगाकडं नेणारे विषाणू रक्तातून जातात. त्यांच्याविषयी डोंगरावर आणि डोंगराखालच्या गावांतही फार थोडं बोललं जातं.

याचं एक कारण आपल्या काविळीच्या समजुतीत आहे. कोल्हापूर जिल्ह्याला कावीळ नवी नाही. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली आणि माणसं दगावली. ती दूषित पाण्यातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस ईची साथ होती. हिपॅटायटिस ए आणि ई या पाण्याच्या काविळी बहुतेक माणसांत काही आठवड्यांत आपोआप उतरतात आणि त्यांच्यातून पुढं कर्करोग होत नाही. गावातला काविळीचा उपचारही याच काविळीवर उभा आहे. कुणी काविळीची माळ घालतं, कुणी नाकात रस पिळतं, कुणी मनगटावर डाग देतं. माळेचंच पाहा. वनस्पतीच्या ओल्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात अडकवून ती करतात आणि डोक्यावर किंवा गळ्यात घालतात. दिवसागणिक माळ लांबत जाते. जशी माळ वाढते तशी कावीळ उतरते, असं सांगितलं जातं. माळ लांबते हे खरं आहे. ओले तुकडे सुकले की आकसतात, दोऱ्याचे वेढे सैल पडतात आणि माळ वाढते. निरोगी माणसाच्या गळ्यात घातली तरी ती तेवढीच वाढते. दोन-तीन आठवड्यांत शरीर स्वतःच बरं होतं आणि श्रेय माळेला जातं.

या माळेनं पाण्याची कावीळ झालेल्या माणसाचं फारसं नुकसान होत नसेल. खरं नुकसान वेगळ्याच ठिकाणी होतं. 'यकृताचा आजार म्हणजे कावीळ, आणि कावीळ उतरली म्हणजे आजार गेला' असा हिशोब माळ मनात पक्का करते. हिपॅटायटिस बी आणि सी या हिशोबात बसत नाहीत. हे विषाणू अंगात असलेल्या बहुतेकांना वर्षानुवर्षं कावीळ होतच नाही. ज्याला कधी कावीळ झाली नाही तो स्वतःला सुरक्षित समजतो आणि ज्याची उतरली तो तपासणीला जात नाही. रक्ताची साधी तपासणी हाच त्यांचा पत्ता लावण्याचा मार्ग आहे.

यांतला हिपॅटायटिस बीचा विषाणू सापडला त्याची हकीकत प्रत्येक मराठी वाचकानं जाणून घ्यावी अशी आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ बारूक ब्लुमबर्ग जगभरच्या लोकांच्या रक्तातले फरक शोधत होते. १९६५ मध्ये त्यांनी एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तातल्या एका वेगळ्या प्रथिनाविषयी लिहिलं. ते प्रथिन हिपॅटायटिस बी विषाणूच्या बाहेरच्या कवचाचं आहे, हे पुढं उघड झालं. आज गर्भवतीच्या आणि रक्तपेढीच्या तपासणीत 'एचबीएसएजी' म्हणून पाहतात ते हेच प्रथिन. ब्लुमबर्ग यांना १९७६ मध्ये नोबेल मिळालं. त्यांचा जन्मदिवस २८ जुलै हा आता जागतिक हिपॅटायटिस दिन आहे आणि २०१८ मध्ये याच तारखेला भारत सरकारनं राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला.

विषाणू कावीळ करतो हे कळलं, पण कर्करोग तोच करतो हे कसं सिद्ध करायचं? त्याचं उत्तर तैवानमध्ये मिळालं. पामर बीस्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२,७०७ पुरुषांची नोंद घेतली. हे मुख्यतः सरकारी नोकर होते, त्यांचा विमा होता, त्यामुळं आजार आणि मृत्यू नोंदीतून सुटत नव्हते. आधी सगळ्यांचं रक्त तपासलं आणि मग वर्षानुवर्षं वाट पाहिली. १९८१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. तोवर ४१ जणांना यकृताचा कर्करोग झाला होता आणि त्यांपैकी ४० जण आधीपासून विषाणूचे वाहक होते. वाहकांचा धोका इतरांच्या दोनशेहून अधिक पट होता. कर्करोगाच्या शास्त्रात इतकी स्पष्ट साक्ष क्वचितच मिळते. मग तैवाननं १९८४ मध्ये नवजात बाळांना लस द्यायला सुरुवात केली. तेरा वर्षांनी, १९९७ मध्ये, तिथल्या संशोधकांनी दाखवून दिलं की ६ ते १४ वर्षांच्या मुलांमधलं यकृताच्या कर्करोगाचं प्रमाण लाखामागं ०.७० वरून ०.३६ वर, म्हणजे जवळपास निम्म्यावर आलं. लसीनं कर्करोग टळतो याचा हा जगातला पहिला पुरावा.

तैवाननं नवजात बाळांवर भर दिला त्याला कारण आहे. हिपॅटायटिस बीचा संसर्ग मोठ्या वयात झाला तर शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक माणसांचं शरीर विषाणूला हुसकावून लावतं. जन्माच्या वेळी आईकडून झाला तर मात्र शंभरातल्या सुमारे नव्वद बाळांत तो आयुष्यभर ठाण मांडतो. विषाणूची जनुकं यकृताच्या पेशीच्या गाभ्यात जाऊन बसतात, आजच्या औषधांनी ती दबतात, पण पुरती निघत नाहीत. चाळिशी-पन्नाशीत ज्या शेतकऱ्याला, ज्या आईला कर्करोग होतो, त्याची सुरुवात अनेकदा त्याच्या किंवा तिच्या जन्माच्या दिवशी झालेली असते. म्हणूनच जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत दिलेल्या पहिल्या डोसला इतकं महत्त्व आहे. महागड्या इंजेक्शनांची चर्चा आपण करतो, पण या डोसची किंमत त्यापुढं काहीच नाही आणि शासन तो मोफत देतं. २०११ मध्ये ही लस देशभरच्या नियमित लसीकरणात आली. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट ती बनवते. प्रश्न चोवीस तासांचा आहे. बाळ रविवारी जन्मलं, लसीकरणाचा दिवस बुधवारी, "मग बुधवारी या" असं सांगितलं गेलं, की तीन दिवस गेले. पुढचे सगळे डोस वेळेवर झाले तरी ते तीन दिवस परत मिळत नाहीत. पन्हाळा-शाहूवाडीच्या डोंगरी भागातल्या प्रत्येक प्रसूतीगृहात पहिल्या डोसची वेळ तासांत लिहिली जावी, ही मागणी मला यकृताच्या कर्करोगावरच्या कुठल्याही नव्या औषधाच्या मागणीइतकीच मोलाची वाटते.

संसर्गाचा दुसरा मोठा मार्ग सुईचा आहे. २००९ मध्ये गुजरातच्या साबरकांठा जिल्ह्यात मोडासा भागात हिपॅटायटिस बीची जीवघेणी साथ आली, तेव्हा वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याचं उघड झालं. आपल्याकडं "डॉक्टर, एक सुई लावा, म्हणजे बरं वाटेल" हा आग्रह रुग्णाचाच असतो. साध्या तापाला गोळी पुरते, पण इंजेक्शन किंवा सलाईन लावलं नाही तर डॉक्टरनं काही केलंच नाही असं वाटतं. गरज नसलेली प्रत्येक सुई हा विनाकारण घेतलेला धोका आहे. यात्रा-जत्रांतही दोन ठिकाणी रक्ताचा संबंध येतो. एक, गोंदण. हातावर देवाचं नाव गोंदवून घेणारा तरुण त्या यंत्राची सुई आधी किती जणांच्या कातडीतून गेली आणि शाईची वाटी किती जणांना चालली, हे विचारत नाही. दुसरं, जावळ. बाळाचे केस काढताना वस्तऱ्याचं पातं बदललं का, हे आईबापांनी पाहायला हवं. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस जिवंत राहू शकतो. गोंदणाला किंवा जावळाला विरोध करायचं कारण नाही. प्रत्येक माणसाला नवी सुई, नवी शाई आणि प्रत्येक बाळाला नवं पातं मिळावं, एवढाच आग्रह हवा. देवस्थान आणि ग्रामपंचायतीनं हा नियम केला तर तो पाळला जाईल, कारण डोंगरावर त्यांचा शब्द चालतो.

रोगाचं आणखी एक कारण शेतातून येतं. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. त्यांना दिलेली शेंगदाण्याची पेंड बुरशीनं विषारी झाली होती आणि त्या विषालाच पुढं अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळालं. आपल्या शेजारी १९७४ मध्ये राजस्थानातलं बांसवाडा आणि गुजरातमधलं पंचमहाल इथं अवेळी पावसात भिजलेला मका खाऊन ३९७ माणसं आजारी पडली आणि १०६ मेली. हा तीव्र विषबाधेचा प्रकार झाला. थोडं थोडं, पण वर्षानुवर्षं पोटात गेलं तर हेच विष कर्करोग घडवतं. आपलं यकृत ते निष्प्रभ करायला जातं आणि त्या प्रक्रियेत तयार होणारा पदार्थ पेशीच्या जनुकाला चिकटतो. पेशीला बेफाम वाढू न देणारं एक जनुक आहे, त्याच्या ठरावीक एका जागी, २४९ क्रमांकाच्या स्थानी, एक अक्षर बदलतं. १९९१ मध्ये चीन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या रुग्णांच्या गाठी तपासताना शास्त्रज्ञांना हाच बदल पुन्हा पुन्हा सापडला. गाठीवर विषाचा ठसा सापडण्याची ही विलक्षण घटना होती. शांघायच्या पाहणीत आणखी एक गोष्ट पुढं आली. नुसत्या अफ्लाटॉक्सिननं धोका सुमारे साडेतीन पट, नुसत्या विषाणूनं सात पट, पण दोन्ही एकत्र आले तर जवळजवळ साठ पट. घरात वाहक असेल तर बुरशीचा दाणा दुप्पट घातक ठरतो असं म्हणणंही कमीच पडेल.

कोल्हापूरच्या शेतकऱ्याला हे सांगताना शास्त्राची भाषा लागत नाही. खरिपाच्या शेंगा निघतात तेव्हा परतीचा पाऊस असतो. शेंगा ओल्या काढल्या जातात, ढीग मारला जातो, आतून गरम होतो आणि बुरशी धरते. उपाय साधा आहे. शेंगा झोडण्याआधी चांगल्या वाळवायच्या, ओल्या जमिनीवर न ठेवता ताडपत्रीवर पसरायच्या, पोत्यांत भरताना दाणा कडक वाजतो का पाहायचं, पोती भिंतीला लावून न ठेवता फळ्यांवर ठेवायची. घरी कूट करण्याआधी दाणे निवडायचे. सुरकुतलेले, काळे पडलेले, हिरवट पावडर धरलेले दाणे बाजूला काढायचे, भाजल्यानं हे विष पुरतं जात नाही. बाजूला काढलेले दाणे म्हशीच्या पेंडीत मिसळायचे नाहीत, कारण ते विष दुधात उतरतं. खोबऱ्यालाही बुरशी धरली तर हाच नियम. युरोपला पाठवायच्या थेट खाण्याच्या शेंगदाण्यात किलोला ४ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त अफ्लाटॉक्सिन चालत नाही, म्हणून निर्यातीचा माल काटेकोर तपासला जातो. परदेशातल्या ग्राहकासाठी जी काळजी घेतली जाते ती आपल्या लेकरासाठी घ्यायला कोणताही कायदा लागत नाही. चीनमधल्या चिडोंग भागात लोकांनी मक्याऐवजी तांदूळ खायला सुरुवात केली, तेव्हा लस मिळालेली पिढी मोठी होण्याआधीच तिथं यकृताच्या कर्करोगाचे मृत्यू कमी होऊ लागले होते.

"हे सगळं ठीक आहे, पण सवयी बदलतात का?" असा प्रश्न इथं हटकून येतो. त्याला महाराष्ट्रानंच उत्तर दिलेलं आहे. एके काळी आपल्याकडं लहान बाळांना यकृताचा एक भीषण आजार व्हायचा. त्याला 'इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस' म्हणत. वर्ष-दोन वर्षांची मुलं पोट फुगून, पिवळी पडून मरायची आणि एकाच घरात भावामागून भाऊ जायचे. लोक शाप म्हणायचे, डॉक्टर आनुवंशिक म्हणायचे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी ब्रिटनच्या डॉ. टॅनर यांच्याबरोबर घरोघर चौकशी केली. या बाळांच्या यकृतात तांबं भरमसाट साठलेलं होतं. ते आलं कुठून? बाळांना लवकर वरचं दूध सुरू केलं होतं आणि ते पितळी-तांब्याच्या, कल्हई उडालेल्या भांड्यात तापवून ठेवलं जात होतं. दुधातलं प्रथिन भांड्यातलं तांबं ओढून घेत होतं. १९८३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे मांडलं गेलं. मग काय केलं? बाळाला आईचं दूध द्या आणि वरचं दूध स्टीलच्या भांड्यात ठेवा, एवढंच सांगितलं. आज तो आजार दुर्मीळ आहे. हजारो बाळं वाचली, ती ना ऑपरेशननं ना महागड्या औषधानं. संशोधन स्वयंपाकघरापर्यंत पोचलं म्हणून वाचली. यकृताच्या रोगावर महाराष्ट्रानं जगाला दिलेला हा धडा आपणच विसरावा, हे मला मान्य नाही.

मग उपचारांचं संशोधन निरर्थक आहे का? मुळीच नाही. ज्यांना आज गाठ आहे त्यांचा हक्क उद्याच्या बाळांइतकाच आहे. गाठ लहान असेल तर ती कापून काढता येते, सुईनं जाळता येते. इटलीतल्या मिलानमधल्या मझाफेरो यांनी १९९६ मध्ये दाखवलं की ५ सेंटिमीटरच्या आतली एक गाठ, किंवा ३ सेंटिमीटरच्या आतल्या तीनपर्यंत गाठी असतील, तर यकृत प्रत्यारोपणानंतर चार वर्षांनी शंभरातले पंचाहत्तर रुग्ण जिवंत असतात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं किरणोत्सारी यट्रियमचे काचेचे सूक्ष्म मणी देशातच तयार केले. ते गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीतून सोडून गाठ आतून मारता येते. प्रतिकारशक्तीला जागं करणाऱ्या औषधांच्या जोडीनं पसरलेल्या रोगातही मधल्या रुग्णाचं (ज्याच्याहून निम्मे रुग्ण जास्त जगतात) आयुष्य दीड वर्षाच्या पुढं गेलं आहे, हे २०२० नंतरच्या चाचण्यांनी दाखवलं.

औषधांच्या किमतीची लढाईसुद्धा महाराष्ट्राच्या भूमीवर झाली. सोराफेनिब हे यकृताच्या पुढच्या टप्प्यातल्या कर्करोगावरचं पहिलं परिणामकारक औषध. बायर कंपनीचं हे औषध महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना पडत होतं. ९ मार्च २०१२ रोजी मुंबईतल्या पेटंट नियंत्रकांनी नॅटको या भारतीय कंपनीला सक्तीचा परवाना दिला आणि तेच औषध महिना ९ हजारांच्या आत आलं. देशातला हा पहिलाच असा परवाना. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो कायम ठेवला. माझ्या मते हा निर्णय आपल्या न्यायव्यवस्थेच्या अभिमानाच्या निर्णयांपैकी एक आहे. पण त्याचबरोबर हेही सांगायला हवं, की मूळ चाचणीत या औषधानं मधल्या रुग्णाचं आयुष्य ७.९ महिन्यांवरून १०.७ महिन्यांवर नेलं होतं. म्हणजे तीन महिन्यांपेक्षा कमी. ते तीन महिने ज्या घराला मिळतात त्या घराला अमूल्य असतात. पण ज्या समाजानं त्या तीन महिन्यांसाठी कोर्टात एवढी झुंज दिली, त्यानं बाळाच्या पहिल्या चोवीस तासांसाठी तेवढीच झुंज द्यायला नको का?

दारूचंही असंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९८८ मध्येच दारूला कर्करोगकारक ठरवलं. महाराष्ट्रात गावातल्या निम्म्याहून अधिक मतदारांनी 'आडवी बाटली'ला मत दिलं तर दारूचं दुकान बंद होतं. घरातल्या मारहाणीला आणि उपासमारीला कंटाळून बायका ही लढाई लढतात. त्या नकळत यकृताचा कर्करोगही रोखत असतात, हे त्यांना आणि गावाला सांगायला हवं. हिपॅटायटिस बी असलेल्या माणसानं तर दारूला पूर्ण रजा द्यावी.

दोन आक्षेप येतील. पहिला, आपल्याकडं पूर्व आशियाच्या मानानं हा कर्करोग कमी आहे, मग एवढी धावपळ कशाला? प्रमाण कमी असतानाच कारणं तोडणं शहाणपणाचं आहे. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना हिपॅटायटिस बी आणि ५५ लाखांना हिपॅटायटिस सी होता. मधुमेह आणि फॅटी लिव्हर वाढत आहेत ते वेगळंच. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. तपासणी केली, 'पॉझिटिव्ह' आलं आणि पुढं काहीच झालं नाही, तर आपण फक्त भीती आणि बदनामी वाटली असं होईल. हे खरं आहे. म्हणून तपासणीबरोबर पुढची वाट दाखवावीच लागेल. हिपॅटायटिस सीच्या गोळ्या राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत आणि शंभरातले पंचाण्णव रुग्ण बरे होतात. हिपॅटायटिस बीसाठी गरज असेल तर रोजची एक गोळी आहे. सिऱ्होसिस असेल तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी. शांघायमध्ये अशा नियमित तपासणीनं मृत्यू ३७ टक्क्यांनी घटले. आणि घरच्यांनी ऐकून ठेवावं की हे विषाणू एका ताटात जेवल्यानं, मिठी मारल्यानं, एका भांड्यातलं पाणी प्यायल्यानं पसरत नाहीत. वाहक सुनेचं ताट वेगळं काढणं हा अन्याय आहे.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. चैत्र यात्रेत जिल्हा परिषद आणि देवस्थान समितीनं पाण्याच्या टाक्यांबरोबर हिपॅटायटिस बी आणि सीच्या मोफत तपासणीचे मंडप उभे करावेत. बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, काही मिनिटांत निकाल द्यायचा, निकाल फक्त त्या माणसाला सांगायचा आणि ज्याच्या गावाला जो दवाखाना जवळ असेल तिथली चिठ्ठी हातात द्यायची. दोन राज्यांच्या कितीतरी तालुक्यांतले लोक एका डोंगरावर एकत्र येतात, अशी संधी वर्षातून एकदाच मिळते.

वाचकाला माझं सांगणं आहे: स्वतःचं रक्त एकदा तपासून घ्या. हिपॅटायटिस बी नसेल तर मोठ्यांनाही लस आहे, ती घ्या. घरात गरोदर बाई असेल तर तिची एचबीएसएजी तपासणी झाली का विचारा, आणि बाळ जन्मल्यावर डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा: लस आज देणार का?